नंदुरबारचे वाणी आणि सह्याद्रीतला नरक्या

संपादक साहेब,

झाडपाल्यातून कॅन्सरवर औषध म्हटलं की लोक लगेच काढे फॉरवर्ड करतात, पण नंदुरबारला जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणींनी सहकारी मन्रो वॉल यांच्यासोबत अमेरिकेत १९६६ साली चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरवर चालणारं रसायन कसं काढलं ते कुणी सांगत नाही. अर्क काढायचा, त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या उंदरांवर टेस्ट करायचा, ज्यात दम दिसला तोच पुढे न्यायचा, असं एकच शुद्ध पदार्थ हाती येईपर्यंत. तोही तसाच देता येईना, पेशंटना त्रास फार, मग त्यात बदल करून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं आली. हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या झाडात पण आहे बरं का, म्हणूनच ती झाडं चोरून तोडतात. वनखात्याने रोपं करून शेतकऱ्यांना बांधावर लावायला द्यायला काय हरकत आहे?

– एक वाचक, सातारा