तिकटीवर ये

कोल्हापूर

प्रिय गड्या,

परवा फोनवर आपल्या तबलजीचा विषय निघाला आणि तू पटकन म्हणालास, "तो आता तिऱ्हाईत." तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जाईना. दोघांच्या व्यवहाराबाहेरचा तिसरा, तो तिऱ्हाईत. तीनाचे एवढे शब्द आपण रोज बोलतो, पण माणसाला बाहेर उभं करणारा मला हा एकच आठवला.

"तीन तिघाडा, काम बिघाडा" म्हणशील. आजी पण म्हणायची. तू, मी आणि तो, आपण तिघं निघालो की एकाच्या खिशात खडा टाकून चौथा करायची, पण जाऊ द्यायचीच की रे.

गल्लीत आपल्याला त्रिकूट म्हणायचे. कूट म्हणजे शिखर. रामायणातली लंका ज्या डोंगरावर, तो त्रिकूट. आणि तीन गाभाऱ्यांच्या देवळालाही त्रिकूटच म्हणतात. आपली अंबाबाई मधे, एका अंगाला महाकाली, दुसऱ्या अंगाला महासरस्वती. लहानपणापासून तिथं डोकं टेकवतोय, पण हे नाव आपल्यालाही लावलं होतं याचं अप्रूप मला आत्ता वाटतंय. वेदत्रयी, प्रस्थानत्रयी हे पोथीतले शब्द, त्रिफळा वैद्याचा. ते असोत.

मला खरी आठवते ती तिफण, पेरणीची तीन फणांची पाभर. आई चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरायची. मुठीतून शाळू चाड्यात, चाड्यातून तीन नळ्यांनी तीन फणांमागं. एखाद्या नळीत ढेकूळ अडकलं तर पेरताना पत्ता लागायचा नाही. शाळू उगवून आला की दोन तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, हिरवी आणि तिसरं मोकळं दिसायचं. आई बांधावर उभी राहून त्या मोकळ्या तासाकडंच बघत बसायची. उसन्या पैशावरून तुझं नि तबलजीचं बिनसलं तेव्हा असंच काहीतरी अडकलं, आणि मला ते वेळेवर दिसलं नाही.

आणि त्याची तिहाई, एकच बोल तीनदा! गणपतीत तीनताल वाजवायचा, 16 मात्रांचा. "तिटकत गदिगन धा" एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदाचा धा बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. तू त्याच क्षणी मांडीवर थाप मारायचास. दुसऱ्या धा ला कधीच नाही. तिसरा येणार हे तुला ठाऊक असायचं.

परवा मिरजकर तिकटीवर एका पाहुण्यानं विचारलं, तिकटी म्हणजे काय हो? म्हटलं, तीन रस्ते भेटतात ती जागा. कोकणात तिठा म्हणतात. सांगताना घसा दाटला बघ. शाळा सुटल्यावर रोज तिथूनच आपण तीन वाटांनी घरी जायचो आणि संध्याकाळी परत तिथंच जमायचो.

तर रविवारी सकाळी आठला तिकटीवर ये. तू येणार असं मी त्याला सांगितलंय. "खरंच येतोय का?" असं त्यानं दोनदा विचारलं. मिसळ खायची आहे, घरून काही खाऊन येऊ नकोस. पैशाचं मी बघतो.

तुझाच