काळी एक सोडताना

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

‘बॉडी अँड सोल’ हे जॅझचं गाणं बसवायला घेतलंस, हे बरं केलंस. जॉनी ग्रीनची ही चाल १९३० सालची. नुसती गोड असती तर कधीच विटली असती. वाजवणारे पुन्हा पुन्हा तिच्याकडे येतात ते मधल्या आठ बारसाठी (बार म्हणजे चार मात्रांचा गट).

बांधणी ३२ बारची. आठ-आठचे दोन सारखे भाग, मग ब्रिज म्हणजे तो मधला वेगळा भाग, मग पुन्हा पहिला भाग. आपल्या पेटीच्या भाषेत गाणं काळी एकचं, म्हणजे ‘सा’ काळी एकवर. चाल सुरुवातीला रे-ग, रे-ग अशी घुटमळते, खालचा कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारे स्वर, तोही ‘रे’वरचाच. ‘सा’चा कॉर्ड थेट तिसऱ्या बारला येतो. आणि ब्रिजला तर ‘सा’च जागा सोडतो! चार बार पांढरी दोन, पुढे पांढरी एक, आणि शेवटच्या बारमध्ये तीन कॉर्ड अर्ध्या-अर्ध्या स्वरानं उतरत परत घरी.

तुझ्या टेनर सॅक्सोफोनवर हे एक स्वर वर लिहिलेलं, ई फ्लॅटमध्ये पडेल. म्हणजे तीन फ्लॅटवरून (अर्धा स्वर उतरलेले) एकदम ई मेजरचे चार शार्प (अर्धा स्वर चढलेले). बोटं अडखळतात ती इथे. म्हणून ब्रिज वेगळा काढ. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ६० वर, आधी फक्त कॉर्डचे मूळ स्वर, मग प्रत्येकाचा गंधार, म्हणजे तिसरा स्वर. परतीचे तीन कॉर्ड तुला डी सेव्हन, सी शार्प सेव्हन, सी सेव्हन असे येतील. त्यांचे गंधार सलग उतरतात, तेवढे धरलेस तरी वाट चुकत नाही.

टेनरवादक कोलमन हॉकिन्सचं ११ ऑक्टोबर १९३९ चं रेकॉर्डिंग ऐक. पियानोचे चार बार, मग दोन आवर्तनं. मूळ चाल पहिल्या काही बारपुरतीच, तरी गाणं हरवत नाही, कारण त्याची प्रत्येक फ्रेज कॉर्ड धरून चालते. सुरुवात अगदी हळू आवाजात, जोर दुसऱ्या आवर्तनात. पहिल्यापासूनच दुपटीत ताना मारल्या की चढायला जागा उरत नाही. हल्ली बहुतेकांचं तेच होतं.

खालचे स्वर मऊ हवेत म्हणून ओठ आवळू नकोस, स्वर वरच्या सप्तकात उडतो. खालचा ओठ सैल, जबडा किंचित मागे. हवा मात्र कमी करायची नाही, स्वर तुटतो.

मला पूर्ण गाणं नको पाठवूस. मेट्रोनोम बंद करून, साथीशिवाय, ब्रिजचे आठ बार पाठव.

तुझे,
बाबा