फोनवर सांगता येईना म्हणून पत्र

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

पाकीट पाहून घाबरू नका, पहिलेच सांगतो. काहीच झालं नाही, नोकरी नीट सुरू आहे, तब्येत चांगली आहे, गाडीवरून पडलो नाही, कोणाकडून पैसे घेतले नाहीत. पत्र यासाठी लिहून राहिलो की काही गोष्टी फोनवर सांगायला गेलो आणि सांगता आल्या नाहीत. आई, तू फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटते आणि मला माहीतच नसतं की समोर कोण बसलं आहे. मागच्या महिन्यात मी तुला घामोळ्यांचं सांगून राहिलो होतो, कुठं कुठं उठल्या आहेत ते सगळं सांगून झालं आणि मागून तुझ्या भिशीतल्या काकूंचा आवाज आला, 'मुलतानी माती लाव म्हणा त्याले.' त्यानंतर दोन दिवस मी तुला फोनच केला नाही, इतकं कसंतरी झालं मला. माती मात्र लावली आणि आराम पडला, त्यांना सांगशील.

तर आता शांत बसून सगळं लिहितो. रविवारची दुपार आहे, बाहेर बघवत नाही इतकं ऊन आहे, कूलर सुरू आहे.

कूलरवरून आठवलं, ते तर तुम्हाला सांगितलंच नाही. एप्रिलमध्ये मी टाकीत पाइप सोडला आणि नेमका तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. बाबा, तुम्ही सांगितलं होतं तसा प्लग काढूनच पाइप लावला होता, ते मी कधीच विसरत नाही, ओल्या हातानं कूलरला हात लावून लोकं जातात हे तुम्ही लहानपणापासून इतक्यांदा सांगितलं आहे की आता हात आपोआप बटनाकडे जातो. पण नळ बंद करायचा राहिला. अर्धा तास पाणी वाहिलं आणि खाली राहणाऱ्या काकूंच्या स्लॅबवर जुनी धोतरं अंथरून कुरड्या घातल्या होत्या त्यावर सगळं पडलं. अर्ध्या वाळलेल्या कुरड्या होत्या, पाणी लागल्यावर त्यांचा पुन्हा चीक झाला. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा काकू कमरेवर हात ठेवून वर बघून राहिल्या होत्या आणि एवढंच बोलल्या, 'अरे बाप्पा!' त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी खाली जाऊन उभा राहिलो, मला माफी मागता येईना, त्यांना काय बोलावं सुचेना, आणि मध्ये ते धोतर टपटप गळत होतं.

मग मी त्यांना म्हटलं पुन्हा घालू, मी येतो मदतीला. त्यांनी ते मनावर घेतलं. गहू तीन दिवस भिजत घातले, रोजचं पाणी बदलायचं काम माझ्याकडे, सकाळी ऑफिसला जायच्या आधी, आंबूस वासानं डबा खाववत नव्हता पण केलं. रविवारी पहाटे साडेपाचला चीक शिजवायला घेतला. आई, तू हे इतकी वर्षं एकटी करायची? मोठ्या गंजात तो चीक घोटताना माझा खांदा भरून आला, गुठळी होऊ द्यायची नाही म्हणून हात थांबवता येत नाही, आणि वरून वाफ तोंडावर. मग सोऱ्या फिरवला. पहिल्या दहा-बारा कुरड्या कशाही पडल्या, नंतर गोल यायला लागल्या. गरम चिकावर तेल आणि तिखट टाकून काकूंनी वाटी हातात दिली आणि मला एकदम आपली गच्ची आठवली, तू चीक वाटीत काढून ठेवायची आणि मी अजून दे म्हणून तुझ्या पदराला लोंबकळायचो. तेव्हा तुझा खांदा दुखत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता काकू मला बाबू म्हणतात आणि माझ्या वाटच्या कुरड्या एका डब्यात भरून ठेवल्या आहेत, तो डबा तुमच्यासाठी आहे.

रूम पार्टनरचं थोडक्यात सांगतो. तो साताऱ्याचा, स्वभावानं फार चांगला. वांग्याचं भरीत करायचं होतं, मी ऑफिसातून निघताना त्याला फोन केला की येताना वीस रुपयाचा सांबार आण, बारीक चिरून ठेव. तो बिचारा तीन हॉटेलं फिरला, वीस रुपयात देणार कोण, शेवटी इडलीवाल्याकडून पिशवीत गरम सांबार बांधून आणला आणि मला विचारतो, यात चिरायचं काय, शेवग्याची शेंग? कोथिंबिरीला आपण सांबार म्हणतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही दोघं ओट्याजवळ खाली बसून हसलो. नंतर त्या सांबारात भात कालवून खाल्ला, भरीत दुसऱ्या दिवशी केलं. आता तो भाजी बाजारात एकदम ऐटीत सांबार मागतो.

आणि इथल्या नागपूर मेट्रोतलं. फेब्रुवारीत झालं हे. मी खापरीहून बसलो, अजनीच्या आसपास गर्दी झाली आणि दारापाशी मोठे मामा दिसले, तीच पांढरी टोपी, तसाच वाकून उभा राहायचा ढंग, हातात कापडी पिशवी. मी गर्दीतून वाट काढत गेलो आणि पायाच पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणाले, आणि मग माझा चेहरा नीट पाहून विचारलं, 'पण बाबू, तू कोणाचा?' मामा नव्हतेच ते. सगळा डबा पाहून राहिला होता आणि माझे कान इतके तापले की सांगता येत नाही. मी म्हटलं, काका, चूक झाली, तुम्ही माझ्या मामांसारखे दिसता. तर ते म्हणाले, चूक काहून, पाया पडलास, मी आशीर्वाद दिला, झालं ना. काटोलकडचे होते, मुलीकडे चालले होते प्रजापती नगरला. सीताबर्डीला गाडी बदलायची असते हे त्यांना ठाऊक होतं पण कुठल्या बाजूला जायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी माझी लोकमान्य नगरची गाडी सोडून त्यांना त्यांच्या गाडीत बसवून दिलं. जाताना पिशवीतून दोन संत्री काढून दिली, मृग बहाराची, त्यांच्याच बागेतली. बाबा, घरी येऊन ती संत्री खाताना मला तुम्ही फार आठवले. म्हटलं उद्या बाबा एकटे कुठं निघाले आणि त्यांना बाजू कळली नाही तर कोणी थांबेल का त्यांच्यासाठी.

आई, आता तुझं. हे वाचून तू चिडशील, पण लपवत नाही. तुझं हिमोग्लोबिन ८.६ आलं आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्यानंतर तू फोनवर नुसती बरी आहे बरी आहे म्हणायची. मी वाचलं होतं की त्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, खूप जणांना होतं, आणि चहासोबत घेतल्या तर लोह अंगाला कमी लागतं. तुला फोनवर विचारायला मला संकोच वाटला म्हणून मेसेज टाईप केला, 'आई आज पोट साफ झालं का, गोळी चहासोबत घेऊ नको, लिंबूपाण्यासोबत घे, रात्री इसबगोल घे.' आणि तो गेला ऑफिसच्या ग्रुपवर. ४३ लोकं आहेत त्यात. मी मीटिंगमध्ये होतो, वीस मिनिटांनी पाहिलं तोपर्यंत सगळ्यांनी वाचलेला. आमच्या साहेबांनी खाली लिहिलं होतं, हो झालं. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आलो, जागेवर बसायची हिंमत होईना. पण संध्याकाळपर्यंत काय झालं माहीत आहे? एक मॅडम बाजूला घेऊन विचारायला आल्या की त्यांच्या आईलाही त्याच गोळ्या सुरू आहेत, आई काही सांगत नाही, लिंबूपाण्याचं खरं आहे का. मग अजून एक जण आला, त्याच्या बाबांचं तेच. आम्ही तिघं कँटीनमध्ये आपापल्या आई-बाबांच्या पोटाबद्दल अर्धा तास बोललो. सगळ्यांना एकच अडचण, घरचे सांगत नाहीत आणि आपल्याला विचारता येत नाही. म्हणून आता मी सरळ विचारतो, पोट साफ होतं का? होत नसेल तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलता येते, पण मनानंच बंद करू नको. आणि ८.६ चं आता किती झालं ते पुन्हा तपासायचं आहे.

बाबा, आता जे सांगायला बसलो ते.

फेब्रुवारीच्या शेवटी मी तुम्हाला मुद्दाम तुमच्या मोबाईलवर फोन केला होता, आठवतं का. आई देवळात गेली होती. मी फुटाळा तलावाच्या काठावर एकटा उभा होतो, तीन चकरा मारल्या हिंमत करायला. मग म्हटलं, बाबा, एक मुलगी आहे, मला आवडते, तुम्हाला भेटवायची आहे. तुम्ही म्हणाले, 'हो, भेटला तो, पैसे देऊन टाकले त्याला.' मला वाटलं तुम्ही विषय टाळला. मी पुन्हा म्हटलं, मुलगी, बाबा. तुम्ही म्हणाले, हो हो, ठेवतो, ऊन फार आहे. आणि ठेवला.

मला फार लागलं ते. तीन आठवडे मी फक्त आईशी बोललो, तुम्हाला द्यायला नाही सांगितलं, आणि तुम्ही मागितला तर रेंज नाही म्हटलं. ते खोटं होतं बाबा, रेंज होती.

मग मी त्या मुलीला सांगितलं की बाबांना मान्य नाही बहुतेक. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, तुम्ही कोणत्या शब्दावर काय म्हणाले ते विचारलं आणि म्हणाली, त्यांना ऐकूच आलं नसेल रे, माझ्या आजोबांचं अगदी असंच होतं मशीन लावायच्या आधी, सगळ्याला हो म्हणायचे. तेव्हा मला एकेक गोष्ट आठवायला लागली. दिवाळीत सगळे अंगणात हसत होते आणि तुम्ही एकटे बंगईवर, झोपाळ्यावर बसून कडी पुसून राहिले होते. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या आणि तुम्ही बाजूलाच पेपर वाचत होते. टीव्हीचा आवाज इतका मोठा की मी ओरडलो तुमच्यावर. तुम्ही ओशाळून हसले आणि रिमोट मला दिला. तो चेहरा आता डोळ्यासमोरून जात नाही. मी ओरडायला नको होतं.

वयानं आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात म्हणे, स, श, त, फ असे. त्यामुळे आवाज येतो, कोणीतरी बोलून राहिलं ते कळतं, पण शब्द कळत नाही. फोनवर तोंड दिसत नाही म्हणून अजूनच कठीण. यात लाजायचं काहीच नाही, चष्मा लावला तेव्हा लाजलो का आपण. तपासणी सोपी असते, आवाज येणार नाही अशा छोट्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात, बारीक टीं वाजलं की हात वर करायचा किंवा बटन दाबायचं. दुखत नाही, टोचत नाही. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो, तो काढला की झालं. मशीन लागलंच तर पैशाचं बघू नका, मी बाजूला टाकून ठेवले आहेत.

तर या ना दोघंही. नवतपा, ते कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेपासून लागतो, त्याच्या आधीच या, पहाटेच्या एसटीनं निघा म्हणजे ऊन चढायच्या आत पोचाल. आधार कार्ड दोघांचंही ठेवा, आईला बाईमाणूस म्हणून अर्धं आणि बाबांना ६५ च्या वरचे म्हणून अर्धं, दोघांचं मिळून एक तिकीट होते. दुपट्टा डोक्याला बांधा, कांदा खिशात, आणि पाणी वाटेत जाम गावच्या थांब्यावर विकत घेऊ नका, घरूनच भरून आणा. मी गणेशपेठच्या स्टँडवर उभा राहतो. कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या आहेत, खोली मस्त थंड होते. पार्टनर म्हणाला, तो चार दिवस मित्राकडे जातो.

आणि ती घरी येईल भेटायला. ती भंडाऱ्याची आहे, शाळेत शिकवते, सावकाश आणि स्पष्ट बोलते, समोर बसून. बाबा, तुम्हाला तिचं सगळं ऐकू येईल. तुम्हाला आवडली नाही तर तसं सांगा, पण आधी भेटा.

बाबा, उत्तर फोनवर देऊ नका, लिहून पाठवा. कॉलेजला होतो तेव्हा मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोन ओळी लिहायचे तुम्ही, त्यानंतर तुमचं अक्षर पाहिलंच नाही मी.

तुमचा
बाळू

ता. क. आई, बाबांना हे पत्र तू मोठ्यानं वाचून दाखवू नको, खिडक्या उघड्या असतात. त्यांना त्यांचं त्यांनाच वाचू दे.