बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय आई, बाबा, शालोम.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत ना, "सगळं कॉयरच गाणार तर बाकीच्यांनी काय करायचं, तफिला, आपली प्रार्थना, म्हणायची कोणी?" तेव्हा मी हसण्यावारी नेलं पण आठवडाभर तेच डोक्यात, म्हणून आज लिहायलाच बसले.

तर मी इथे बर्लिनमध्ये एका हौशी कॉयरमध्ये जाते, मंगळवारी संध्याकाळी, आणि सध्या आम्ही लेवांडोव्स्कीचं मिझमोर 92 बसवतोय. हो तेच, शुक्रवार संध्याकाळपासूनच्या आपल्या शब्बाथचं स्तोत्र, ज्यात सद्दीक कातामार ही ओळ येते. हा संगीतकार लुई लेवांडोव्स्की 1821 चा, लहानपणी बर्लिनला आला, हज्जानच्या, म्हणजे प्रार्थना गाऊन पुढे नेणाऱ्याच्या, बाजूला उभं राहून साथ करणारा पोरगा, आणि पुढे ओरानियनबुर्गर श्ट्रासच्या मोठ्या सिनेगॉगमध्ये कॉयर सांभाळायला लागला. ते 1866 ला उघडलं, 3200 माणसं बसतील एवढं, आणि आत चक्क ऑर्गन! आपण शब्बाथला वाद्याला हात लावत नाही, त्यामुळे तुमच्या कपाळाला आठ्या आल्याच असतील. तेव्हा इथल्या लोकांच्याही आल्या होत्या, ऑर्गनवरून जर्मनीभर ज्यूंमध्ये भांडणं चालली होती.

मला आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, दिलंय. म्हणजे चाल सगळी वरच्या आवाजाच्या सोप्रानोवाल्या बायकांकडे आणि आम्ही खाली दोन-तीन सुरांत घुटमळत बसायचं, एकटीने म्हटलं तर ते गाणं वाटतच नाही. त्यात कागदावर हिब्रू रोमन अक्षरांत, कारण स्वर डावीकडून उजवीकडे आणि हिब्रू उलटं, जमायचं कसं? आणि उच्चारही अश्कनाझी, म्हणजे इकडच्या युरोपातल्या ज्यूंचे, आपलं लेहोदोथ ते लेहोदोस, तामारचं तोमोर. मी कितीही घोकलं तरी ती ओळ आली की तोंडातून कातामारच निघतं, आणि त्याच्या मागोमाग गळा थेट तुमच्या चालीवर, ठाण्याच्या शुक्रवार संध्याकाळच्या. परवा तर एवढी जोरात गेले की शेजारच्या बाईने काही न बोलता पेन्सिल काढली आणि माझ्या कागदावर खरा सूर होता त्याच्याभोवती गोल करून दिला 😅

आता तुमचा प्रश्न. 1871 मध्ये लेवांडोव्स्कीने जे पुस्तक काढलं ते चार आवाजांचं नव्हतंच, एका-दोघा आवाजांचं होतं, साध्या माणसांना हज्जानबरोबर म्हणता यावं म्हणून. चार आवाजांचं मोठं काम त्यानंतरचं. म्हणजे तुमची काळजी त्यालाही होती म्हणा ना. आणि मागच्या शुक्रवारी मी पेस्टालोत्सी श्ट्रासच्या सिनेगॉगला गेले, तिथे अजून त्याच्याच चाली, कॉयर आणि ऑर्गनसकट. दारात पोलीस, बॅग तपासणी, ते इथे नेहमीचंच. आत माझ्या पुढच्या बाकावर एक आजोबा, पुस्तक बंद, आणि कॉयरबरोबर खालचा जाड आवाज पूर्ण पाठ! आपल्याकडे जो तो आपापल्या वेगाने जातो आणि आमेनला गाठ पडते. इथे सगळे एकाच वेळी श्वास घेतात, मला ते जरा शाळेच्या कवायतीसारखं वाटलं खरं, पण त्या आजोबांना गप्प बसलेले कसं म्हणू?

ते मोठं सिनेगॉग मात्र आता दर्शनी भाग आणि घुमट एवढंच. 1943 ला बॉम्ब पडले आणि मागचा हॉल 1958 मध्ये पाडला, आता मोकळी जागा आहे, हॉल कुठपर्यंत होता ते जमिनीवर आखून ठेवलंय. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले, फोटो काढावासा वाटला नाही.

आई, गुडघ्याचं तेल लावतेस ना रोज? आणि बाबा, एक काम करा, मिझमोर 92 तुमच्या चालीत म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवा. पंखा बंद करून म्हणा, मागच्या वेळी नुसता पंखाच ऐकू आला, कुकरच्या शिट्ट्या आल्या तर चालतील. आमच्या कॉयरच्या बाईंनी विचारलंय, ही मधेच घुसते ती चाल कुठली.

तुमची,
धाकटी