खिडकीतून पवनचक्की दिसते, प्रकल्पात मात्र आइसलँड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून असावे, माध्यम कोणते असावे, यावरची पत्रे आपल्या पानावर मी नेमाने वाचते. वर्गात प्रत्यक्ष काय चालते हे त्यात फारसे येत नाही, म्हणून हे पत्र. मी पाटण तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात 19 वर्षे इंग्रजी शिकवते. आपल्याकडे 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. माझ्याकडे आठवीत येणारे मूल सात वर्षे इंग्रजी शिकून आलेले असते. पण ‘तुझ्या गावाबद्दल दोन वाक्ये बोल’ म्हटले की ते खाली बघते.

काही वर्षांपूर्वी मी वर्गाला अपारंपरिक ऊर्जास्रोतांवर इंग्रजीत प्रकल्प करायला सांगितला. आठवड्याने 41 फायली आल्या. रंगीत चित्रे, सुबक अक्षरे, वर प्लास्टिकचे कव्हर. आइसलँडमधली भूगर्भातली वाफ होती, समुद्राच्या भरती-ओहोटीवरची वीज होती. सगळे झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेले. आमच्या वर्गाच्या खिडकीतून वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात, पण त्यांचा उल्लेख एकाही फायलीत नव्हता. एका मुलीला मी विचारले, “टायडल म्हणजे काय गं?” तिच्या डोळ्यांत पाणी आले. त्या कागदांसाठी तिच्या आईने मजुरीतले पैसे दिले होते. चूक त्या मुलीची नव्हती. माहिती कशी शोधायची हे मी शिकवलेच नव्हते, नुसते ‘प्रकल्प आणा’ म्हणून सांगितले होते.

पुढच्या वर्षी छापील कागद बंद केला. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे माणसांकडून ऐकलेले, डोळ्यांनी पाहिलेले मराठीत लिहायचे, आणि त्यातले जेवढे स्वतःला कळले तेवढेच उजवीकडे इंग्रजीत. सुरुवात कशी करायची यासाठी चार तुकडे मी फळ्यावर लिहून दिले: ‘आय सॉ’, ‘ही टोल्ड मी’, ‘द बिल शोज’ आणि ‘आय डोन्ट नो येट’. चौथा सगळ्यांत महत्त्वाचा. माहीत नाही असे इंग्रजीत सांगता आले की मूल पाठांतराच्या मागे लपत नाही.

पवनचक्कीचा गट पठारावर गुरे चारणाऱ्या एका आजोबांना भेटला. मृगाचा वारा सुटला की पंखे थांबायचे नाव घेत नाहीत आणि दिवाळीनंतर कित्येकदा नुसते उभे असतात, हे त्यांनी सांगितले. मुलांनी विज्ञानाच्या सरांना गाठले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद दुप्पट नाही, आठपट होते, हे तिथे कळले. मग एका मुलाने सांगितलेले वाक्य माझ्या अजून कानात आहे: “विंड इज फ्री, बट विंड इज नॉट डेली.” व्याकरणाच्या पुस्तकात असे वाक्य बसणार नाही. मी ते खोडले नाही. शेजारी ‘नॉट एव्हरी डे’ लिहिले आणि दोन्ही ठेवले.

सौरऊर्जेच्या गटाला वाटत होते की मे महिन्यात सगळ्यांत जास्त वीज मिळत असणार. ज्यांच्या छतावर पॅनेल आहेत त्यांच्याकडे जाऊन त्यांनी महिन्यामहिन्याची बिले पाहिली आणि तापलेल्या पॅनेलची कार्यक्षमता उलट घटते हे शिकली. किलोवॅट आणि युनिट यांतला फरक त्यांना लाइटबिलावरून कळला. एक किलोवॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट.

कोयनेच्या गटाबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवे. सुरुवातीला प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट हा आकडा सगळे ‘नाइन्टीन सिक्स्टी’ असा वाचत, सालासारखा. मोठा आकडा इंग्रजीत कसा म्हणायचा हा धडा तिथेच झाला. मग कर्मणी प्रयोग. दरवर्षी मी फळ्यावर ‘राम ईट्स अ मँगो’ उलटे करून दाखवते आणि मुले यंत्रासारखी उलटी करतात. इथे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवले जाते, पोफळीला वीज तयार केली जाते, तेच पाणी पुढे कोळकेवाडीला अडवून पुन्हा वापरले जाते आणि शेवटी वाशिष्ठीत सोडले जाते. कोण वळवते, कोण सोडते हे सांगायची गरजच नाही. “द वॉटर इज टेकन वेस्ट,” एक मुलगी म्हणाली, आणि कर्मणी प्रयोग कशासाठी असतो हे मला नव्याने सांगावे लागले नाही.

त्याच गटातल्या एका मुलाने विचारले, की एवढे मोठे धरण अपारंपरिकमध्ये मोडते का? जुन्या पुस्तकात एक आणि नव्या माहितीत दुसरे सापडल्याने तो गोंधळला होता. 2019 पर्यंत आपल्या देशात 25 मेगावॅटपर्यंतचेच जलविद्युत प्रकल्प नवीकरणीय धरत आणि त्या वर्षी केंद्राने मोठ्यांनाही त्यात घेतले, हे आम्ही दोघांनी मिळून शोधले. व्याख्या माणसे ठरवतात आणि बदलतात हे तेरा वर्षांच्या मुलाला समजणे मी फार मोठे मानते.

आणि मग तो उभा राहिला. त्याच्या पणजोबांचे गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलेले. घरी आजीला विचारून आला होता. त्याने हळूहळू, शब्द शोधत सांगितले: “माय फॅमिलीज व्हिलेज इज अंडर द वॉटर. द लाइट इन धिस क्लास इज फ्रॉम द वॉटर, मेबी.” त्या ‘मेबी’साठी मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले, कारण वर्गातली वीज नेमकी कुठून येते हे सांगता येत नाही, हे त्याला कळले होते.

पण एका स्पर्धेत हीच मुले मागे पडली. पहिला क्रमांक मिळाला तो न अडखळता, न थांबता म्हटलेल्या सहा मिनिटांच्या भाषणाला. भाषण संपल्यावर एकही प्रश्न विचारला गेला नाही. आमची मुलगी बोलताना दोनदा थांबली, वहीत पाहिले, म्हणून तिचे गुण गेले. निकालाबद्दल माझी तक्रार नाही, नियमच तसे होते. माझे भांडण त्या नियमांशी आहे.

म्हणून परीक्षक, केंद्रप्रमुख आणि स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे. इंग्रजी सादरीकरणात निम्मे गुण भाषणानंतरच्या प्रश्नांना ठेवा. उत्तर मोडक्या वाक्यात आले तरी चालेल, ‘हे तुला कोणी सांगितले?’ एवढे मात्र प्रत्येकाला विचारा. माहिती मराठीत गोळा करण्याला कमीपणा मानू नका. आमच्या भागातली माणसे मराठीत बोलतात, ज्ञान त्यांच्याकडे आहे, आणि ते इंग्रजीत नेण्याचे काम मुलाने करायचे आहे. ज्यांच्या गावात पवनचक्की नाही त्यांच्याकडे गोबरगॅस असेल, नाहीतर चिपाडावर वीज करणारा साखर कारखाना. वीजकेंद्रे आणि कारखाने चालवणाऱ्यांनी वर्षातून एखादा दिवस मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवला तर आम्हा शिक्षकांवर उपकार होतील. सध्या परवानगीचे पत्र घेऊन फिरण्यातच सत्र संपते.

येत्या सत्रात आम्ही आमच्याच तालुक्यातल्या मान्याचीवाडीला जाणार आहोत. 2024 साली ते राज्यातले पहिले सौरग्राम झाले. प्रश्नांची यादी मुलांनीच केली आहे. पहिला प्रश्न आहे, पॅनेल बिघडले तर दुरुस्तीला कोण येते आणि पैसे कोण देते. तो इंग्रजीत कसा विचारायचा यावर सध्या वर्गात वाद चालू आहे.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका
ता. पाटण, जि. सातारा