केस कोण विंचरतं?

प्रिय वकीलबाई,

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीतच. इंग्रजीत 'थँक यू' म्हणून झालंय. पण इथे अमेरिकेत ते दार धरून ठेवणाऱ्यालाही म्हणतात.

फ्लूची लस घेतली त्याच रात्री खांदा ठणकायला लागला. सुई फारच वर, पार खांद्याच्या हाडाशी टोचली होती. टोचणाऱ्यांनी 'दोन दिवसांत जाईल' म्हणून वाटेला लावलं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. (वय नेमकं त्याच रात्री आलं वाटतं!) आधीच्या वकिलांनी तर 'लसकंपनीवर दावा होत नाही' म्हणून माझं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवला. १९८६ च्या कायद्याने यासाठीच वेगळी भरपाई योजना आहे, खांद्याची ही दुखापत २०१७ पासून तिच्या यादीतच आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. फ्लूच्या प्रत्येक डोसवरच्या ७५ सेंट करातून तो निधी भरतो. म्हणजे त्या सुईतच माझ्या भरपाईची सोय होती!

तुम्ही आधी कागद मागितले नाहीत. विचारलंत, "तुमचे केस कोण विंचरतं?"

लेक विंचरायची. शाळेच्या घाईत, वाकडा भांग पाडून. तोवर सगळ्यांनी दुखणं दहापैकी किती, एवढंच विचारलं होतं. मी तिथेच रडले. तुम्ही काही बोलला नाहीत, टिश्यूचा डबा तेवढा माझ्या डाव्या हाताशी सरकवलात.

योजनेच्या अटींसाठी लागणारं पुढचं सगळं त्यातूनच निघालं. वेणी कधीपासून सुटली? लशीच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे ४८ तासांच्या आत. अजून घालता येते? नाही, म्हणजे सहा महिन्यांच्या वर. अर्जाची तीन वर्षांची मुदत सरत आली होती, बाकीची धावपळ तुमची. आणि तुमची फी माझ्या भरपाईतून कापली जाणार नाही, योजनाच वेगळी देते, हेही मी न विचारताच सांगितलंत. विचारायची मला लाज वाटत होती, ते ओळखलंत बहुतेक.

चांगुलपणा म्हटलं की मला आजवर दानधर्मच आठवायचा. तुम्ही नुसतं नीट विचारलंत, आणि उत्तर संपेपर्यंत थांबलात. तेवढंही किती जणांना जमलं नव्हतं!

लस यंदाही घेतली. डाव्या हातावर. टोचणाऱ्या मुलाला आधी समोर बसायला लावलं. उभ्याने टोचलं की सुई वर जाते. बसला बिचारा.

उजवा हात अजून पुरता वर जात नाही. पण काल अंबाडा घातला, माझा मी. जरा डावीकडे कललाय.

तुमची,
एक अशील