मंजू, आधी ती उशी काढ

प्रिय मंजू,

पाळण्यातल्या गादीखालची ती उतरती उशी आधी काढ, मग पुढचं वाच.

काढलीस? आता बस. तुझ्या तीन पत्रांना मी उत्तर दिलं नाही, त्याबद्दल हवं तेवढं बोल, सगळं ऐकून घेईन. मी बरी आहे, गुडघा अधूनमधून कुरकुरतो, बाकी काही नाही. पण काल फोटो आला. बाळाची हनुवटी थेट काकूंची, हे म्हणेपर्यंत नजर खाली गेली. गादी डोक्याकडून चढवलेली, आणि खाली तुझी ओळ: 'मला लागू पडलं, तेच यालाही.' ती ओळ रात्रभर डोक्यातून गेली नाही.

तू तसं का केलंस ते कळतं गं. उशाकडून पलंग उंच केल्यावर तुझ्या छातीतली रात्रीची जळजळ थांबली. बाळही प्यायलेलं दूध बाहेर काढतंय, मग त्यालाही चढ द्यावा असं कुणालाही वाटेल. पण या एका बाबतीत तुझं आणि त्याचं अगदी उलटं आहे. नकाशावरून आपलं भांडण झालं तेव्हा तू म्हणाली होतीस, 'उलटा धरला तरी वाट तीच.' तेव्हा मी हरले. आज हरणार नाही.

बाळ पाठीवर सपाट असतं तेव्हा त्याची श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. पोटातून वर आलेलं दूध खालच्या नळीतच राहतं. ते परत गिळलं जातं किंवा ओठाच्या कडेने ओघळतं. श्वासनलिकेत शिरायचं तर त्याला वर चढावं लागेल. बाळाला पालथं घातलं की हेच फिरतं, श्वासनलिका खाली येते आणि दुधाला उतार मिळतो. म्हणजे पाठीवर झोपवलं तर गुदमरेल ही भीती मुळातच चुकीची. बाळाला खोकून घसा मोकळा करताही येतो.

आता चढावरचं बघ. दहा आठवड्यांच्या बाळाला मान सावरता येत नाही. उतारावर ते हळूहळू खाली सरकतं, डोकं जड म्हणून पुढे झुकतं, हनुवटी छातीला टेकते आणि मऊ श्वासनलिका मुडपते. आवाज होत नाही, रडू येत नाही. मला झोप लागली नाही ती याच विचाराने. शिवाय उतारामुळे दूध काढणं कमी होतं असंही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 साली बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. 10 अंशांपेक्षा जास्त उताराची बाळांची झोपायची साधनं तिथे 2022 साली कायद्यानेच बंद झाली. तेव्हा रिफ्लक्स, म्हणजे पोटातलं असं वर येणं, असो वा नसो, वर्षाचं होईपर्यंत प्रत्येक झोप पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. उशी, लोड, गुंडाळलेला टॉवेल, मऊ खेळणी, काही नको. कुशीवरही नको, कुशीवरून ते पालथं व्हायला वेळ लागत नाही. पुढे स्वतःच दोन्हीकडे वळायला लागलं की झोपवायचं पाठीवरच, नंतर झोपेत वळलं तर वळू दे.

हे झालं झोपेचं. दूध काढण्याचं काय करायचं ते आता सांगते. एवढ्याशा जिवाने दिवसात सहा वेळा दूध काढावं हे बघवत नाही, मान्य. पण उद्या एक कर. पाच मिलीचा चमचा दुधाने भर आणि टेबलावर पसरलेल्या कोरड्या कापडावर ओत. केवढा डाग होतो बघ. तू लिहिलंस 'सगळंच्या सगळं बाहेर आलं', त्यातलं बरंचसं असंच एक-दोन चमचे असणार.

दूध वर येतं कारण अन्ननलिकेच्या तळाची झडप अजून कच्ची आहे, नळी आखूड आहे, खाणं सगळं पातळ आहे आणि दिवस सगळा आडवा जातो. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वांत जास्त होतं, तेव्हा पुढचे काही आठवडे ते वाढलं तरी घाबरू नकोस. बसायला लागलं, घट्ट खायला लागलं की कमी होत जातं, आणि वर्षापर्यंत बहुतेकांचं थांबतं. बाळ दूध काढून हसत असेल, आठवड्याला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅमने भरत असेल, डायपर नेहमीसारखे ओले होत असतील, तर हा आजार नाही, फक्त कपडे धुण्याचं काम आहे. त्याला ॲसिडचं औषध देऊन काही मिळत नाही. औषध ॲसिड कमी करतं, दूध वर यायचं थांबवत नाही, आणि उगाच दिलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

तुझ्या पत्रात खरी गडबड मला रात्रीच्या बाटलीत दिसली. 'एकदम 150 मिली देते म्हणजे झोपतो.' मंजू, हिशोब कर. पूर्ण बाटलीवर असलेल्या बाळाला दिवसभरात किलोमागे साधारण 150 मिली लागतं. तुझं पाच किलोचं, म्हणजे चोवीस तासांत 750. आठ वेळांत वाटलं तर एका वेळचं साधारण 95. तू दीडपट ओततेस. पोट ताणलं की वरची झडप आपोआप सैल पडते, मग ते दूध जाणार कुठे? 90 दे, आणि भूक दिसली तर थोड्या वेळाने परत थोडं दे. बाळाने तोंड फिरवलं, ओठ मिटले, हाताची मूठ सैल सोडली की बाटली संपली, तळाशी कितीही उरलेलं असो. तुझा जुना हट्ट, ताटात काही टाकायचं नाही, तो निदान याच्यावर नको.

निपलही तपास. भरलेली बाटली उलटी धर. थेंब थेंब पडायला हवं, सेकंदाला एखादा. धार लागली तर भोक मोठं आहे, बाळ घटाघट गिळतं आणि दुधाबरोबर हवाही. थेंब पडतच नसेल तर ते जोर लावून ओढतं आणि तेव्हाही हवाच गिळतं. पाजताना त्याला जरा उभट धर, आणि बाटली अशी तिरपी की निपल दुधाने भरलेलं राहील. पावडरचं दूध करताना आधी पाणी मोजायचं, मग डब्यातला चमचा सपाट करून, डब्यावर लिहिलंय तेवढाच. जास्त पावडरने पोट जड होतं, कमी पावडरने बाळ उपाशी राहतं. बाटली जोरात हलवलीस तर फेस होतो, आणि फेस म्हणजे हवाच. गोल गोल फिरव आणि दोन मिनिटं ठेव.

ढेकर शेवटी एकदाच काढू नकोस. अंगावर पाजताना बाजू बदलताना काढ, बाटलीवर दर 60 मिलीला. पाठ हलकेच थोपटायची, पोटावर दाब येता कामा नये. दोन-तीन मिनिटांत नाही आली तर नाही आली, रडणाऱ्या बाळाशी कुस्ती नको. पाजून झाल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धर, शरीर सरळ ठेवून. खुर्चीत किंवा गाडीच्या सीटवर बसवणं म्हणजे उभं धरणं नव्हे. त्यात ते कमरेत दुमडतं, पोट दाबलं जातं आणि दूध आणखी वर येतं. डायपर पाजण्याआधी बदल. नंतर बदलावाच लागला तर पाय पोटाकडे उचलू नकोस, कुशीवर वळवून बदल. कमरेचा पट्टा दोन बोटं जातील इतका सैल. जागेपणी तुझ्या नजरेसमोर पोटावर खेळव जरूर, पण पाजल्यावर निदान अर्ध्या तासाने.

दूध दाट करायला बाटलीत काहीही मिसळू नकोस, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात नाही. पाणी, मध, सोडा यांतलंही काही नको. अंगावर लाल चट्टे, शीमध्ये रक्ताचे धागे, प्रत्येक वेळी पाजताना कळवळून पाठ ताणणं, असं काही असेल तर कधी कधी गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी निघते. ती दिसते हुबेहूब रिफ्लक्ससारखी. मग डॉक्टर तुला दोन ते चार आठवडे दूध-दुभतं बंद करायला सांगतील. स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, तुलाही ताकद हवी आहे.

आणि हे मात्र फ्रिजवर लिहून ठेव, अभिलाही वाचायला लाव. उलटी हिरवी असेल, रक्त असेल, प्रत्येक वेळी कारंज्यासारखी लांब उडत असेल आणि लगेच बाळ पुन्हा भुकेलं होत असेल, वजन थांबलं असेल, डायपर कोरडे राहत असतील, टाळू फुगलेली वाटत असेल, बाळ मलूल पडत असेल किंवा 38 अंश सेल्सिअस ताप असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. श्वास अडला किंवा बाळ निळं पडलं तर तर नाहीच नाही.

हुश्श. रेवाला अजूनही वाटतं की निळा स्वेटर मी ढापला. तू जिवंत साक्षीदार आहेस, तिला एकदाचं सांग, म्हणजे बारा वर्षांचा खटला मिटेल.

आता तुझं. पलंग उंच केलास हे उत्तम, पण वर तीन उशाही घेतेस म्हणे. त्या दोन कमी कर. उशांनी फक्त मान आणि खांदे उचलले जातात, शरीर कमरेत मुडपतं आणि पोटावर दाब येऊन तेच आंबट पाणी वर ढकललं जातं. उंची उशाकडच्या दोन्ही पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे घालून द्यायची. ठोकळ्यात पायापुरती खाच असू दे, नाहीतर एखाद्या रात्री पलंगच सरकेल. झोप डाव्या कुशीवर. डावीकडे वळलं की पोट झडपेच्या खाली राहतं, उजवीकडे वळलं की वर येतं आणि ॲसिड झडपेवरच उभं राहतं. (बघ, तुला कूस आणि बाळाला पाठ. उलटं म्हणाले ना!)

तुझी खरी अडचण वेळ आहे. रात्री अकराला एका हाताने जेवायचं आणि लगेच आडवं होऊन पाजायचं, यात कुणाचंही पाणी वर येईल. जेवण आणि आडवं होणं यात तीन तास जायला हवेत. पोटभर जेवण दुपारी आणि संध्याकाळी लवकर घे, रात्री पाजताना भूक लागली तर थोडंच काहीतरी, आणि पाज बसून. बसून पाजताना डोळा लागेल असं वाटलं तर अभिला उठव. बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी मात्र कधीही नको. आई-बाळ दोघांना झोप लागायला त्याहून धोक्याची जागा नाही.

कॉफी, चॉकलेट, पुदिना, तळलेलं, आंबट, हे सगळं एकदम सोडून रडत बसू नकोस. प्रत्येकीला बाधणारं वेगळं असतं. दोन आठवडे वहीत लिही: काय खाल्लं, किती वाजता, कधी आडवी झालीस, कधी जळजळलं. दोन-तीन गुन्हेगार आपोआप पकडले जातील, बाकीच्यांना सोडून दे. थंड दुधाने क्षणभर बरं वाटतं, पण तासाभराने पोट त्यावर आणखी ॲसिड सोडतं. जेवल्यावर अर्धा तास बिनसाखरेचं च्युइंगम चघळलंस तर लाळ वाढते आणि वर आलेलं ॲसिड धुतलं जातं. पुदिन्याचं मात्र घेऊ नकोस. खेळणी उचलताना कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यात बस.

गोळी तू झोपताना घेतेस असं लिहिलंस. ॲसिड बनवणारे पंप बंद करणारी ती गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते, कारण पंप जेवणाने जागे होतात आणि जागे असतील तेव्हाच ती त्यांना धरते. वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांना विचार, आणि बाळ अंगावर पितं हेही सांग. एकदम बंद करू नकोस, ॲसिड उसळून येतं. पाठदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेतेस तेही सांग, त्याने पोट आणि अन्ननलिका दोन्ही चिडतात. घास अडकायला लागला, कारणाशिवाय वजन उतरलं, शी डांबरासारखी काळी झाली तर लगेच दाखव. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, तर ती ॲसिडिटी समजून गोळी शोधत बसू नकोस, तडक दवाखान्यात.

नव्या नोकरीचं वाचून खूप आनंद झाला, पुढच्या पत्रात नीट विचारते. घराच्या कागदांचं काय झालं? काकूंना नमस्कार सांग. त्यांनी प्रेमाने दिलेली उशी आहे हे मला माहीत आहे, तेव्हा तू नाही बोलायचंस, माझं नाव सांग. माझ्यावर रागावल्या तर चालेल.

पाळणा सपाट झाला की फोटो पाठव. मग बाळाच्या हनुवटीबद्दल सविस्तर लिहीन.

तुझीच,
सुमी

ता. क. 150 ची बाटली आज रात्रीपासूनच बंद. पहिल्या दोन रात्री जास्त वेळा उठावं लागेल, त्या दोन रात्री अभिच्या.